तिळाच्या परातीतल्या दोन रेषा

माझ्या विद्यार्थिनीने आलेखातल्या दोन रेषांना बरोबर नावं दिली होती. ती मी उलटी करायला लावली. प्रबंध तसाच छापला, बांधला, विद्यापीठात जमा झाला आणि परीक्षकांच्या टेबलावर जाऊन पडला.

चूक एवढीच. सांगायला फारसा वेळ लागत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला ती लहान वाटते. मला मात्र दर जानेवारीत ती नव्याने आठवते, कारण जयपुरात जानेवारी म्हणजे पतंग, आणि पतंग दिसले की मला तो आलेख दिसतो. आता हे लिहितोय तेव्हाही वर गच्चीवर धावाधाव चालू आहे. धुकं पुरतं वितळलेलं नाही, शेजारच्या गच्चीवर स्पीकरची तार जोडून कुणीतरी नुसतंच 'हॅलो, हॅलो' करतंय, आणि राजा पार्कातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला फिणीच्या, म्हणजे तुपातल्या गोड शेवयांच्या, दुकानातून तुपाचा जड वास येतोय. मधूनच 'वो काटा!' अशी आरोळी उठते. सगळ्या गल्लीला आनंद होतो. मी दचकतो. आपलंच काहीतरी कापलं गेलं, असं वाटतं.

मी काय करतो ते इथे सांगणं भाग आहे. पाहुण्यांना मी ते सांगायला लागलो की नंदा, म्हणजे माझी बायको, चहा ठेवायला उठते आणि बराच वेळ परत येत नाही. म्हणून थोडक्यात सांगतो. अणूच्या गाभ्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असे दोन प्रकारचे कण असतात. दोघांची संख्या सारखी असली की गाभा खूश. एका बाजूचे जास्त झाले की त्या असमतोलाची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. ही किंमत म्हणजे सममिती ऊर्जा. ती दाटीत किती वाढते आणि विरळ झाल्यावर किती उतरते, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आभाळातले न्यूट्रॉन तारे किती फुगीर असावेत, हे त्यावर अवलंबून आहे. तारा काही प्रयोगशाळेत आणता येत नाही. म्हणून जगात जिथे मोठी यंत्रं आहेत तिथे जड केंद्रकं, म्हणजे असे गाभेच, एकमेकांवर आपटतात. कथिलावर कथील. क्षणभर सगळं दाबलं जातं, मग फुगतं, विरळ होतं आणि त्याचे तुकडे उडतात. तुकड्यांत किती न्यूट्रॉन राहिले ते मोजायचं, आणि त्यावरून आत काय घडलं असेल ते ताडायचं. अपघात होऊन गेल्यावर काचा बघून गाड्यांचा वेग सांगणाऱ्या पोलिसासारखं हे काम आहे.

आम्ही जयपुरात खरोखर काही आपटत नाही. संगणकात आपटतो. किंमत दाटीबरोबर झपाट्याने वाढते असं मानलं तर तिला 'ताठ' म्हणायचं, सावकाश वाढते असं मानलं तर 'मऊ'. संगणकाला एकदा ताठ सांगायची, एकदा मऊ. दोन रेषा मिळतात. दुसऱ्यांनी केलेल्या प्रयोगाचे ठिपके त्यातल्या कुठल्या रेषेजवळ बसतात ते बघायचं. केतकीच्या, म्हणजे त्या विद्यार्थिनीच्या, प्रबंधाचा सगळा जीव या एका आलेखात होता.

केतकी जयपुरातल्याच प्रताप नगरातली. वडील विमा कंपनीत अधिकारी, बदलीवर आले आणि इथलेच झाले. ती इथेच जन्मली, इथेच शिकली. तिचं मराठी घरात आईशी बोलण्यापुरतं, त्यात हिंदीचे पाय सारखे अडकायचे. माझ्याशी ती मुद्दाम मराठीतच बोलायची, कारण पहिल्या भेटीत मी तिला 'मराठी मुलगी आणि हिंदीत बोलतेस?' असं सुनावलं होतं. त्यामुळे तिला जे हिंदीत फटकन म्हणता आलं असतं, ते माझ्यापुढे मराठीत शोधत बसावं लागायचं. तिला शब्द सापडेपर्यंत माझं बोलून झालेलं असायचं. ही सोय मी स्वतःसाठी करून घेतली होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

नावं उलटी झाली ती दुपार दमट होती. केतकीने आलेख पुढे केला. तुकड्यांत न्यूट्रॉन जास्त उरलेली वरची रेषा, तिच्यावर लिहिलं होतं 'ताठ'. खालची, 'मऊ'.

मी पाहिलं आणि हसलो. "अगं, उलटं लावलंस. ताठ म्हणजे कडक. कडक कारभारात जास्तीचे न्यूट्रॉन तुकड्यांत राहतीलच कसे? हाकलून देणार ना? म्हणजे खालची रेषा ताठ."

"पण सर, मतलब, मी तर फाइल चेक केली."

"फाइल चेक केलीस, आता डोकं चेक कर."

हा विनोद होता. मी त्याला हसलो. तीही हसली, कारण गाइडच्या विनोदाला हसायची आमच्या खात्यात रीत आहे. मग तिने नावं बदलली. प्रयोगाचे ठिपके खालच्या रेषेला चिकटून होते, त्यामुळे शेवटचं सगळं प्रकरण त्या नावांमागोमाग फिरलं. निसर्ग मऊ आहे असं तिला सापडलं होतं. माझ्या कृपेने तो ताठ झाला.

तोंडी परीक्षेची तारीख पडली ती नेमकी संक्रांतीच्या आदल्या दिवशी. बाहेरगावच्या परीक्षक बाईंना तेवढाच दिवस मोकळा होता. केतकीलाही ती त्यापुढे ढकलून चालणार नव्हतं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने तिला घेतलं होतं, जिथे खरोखर कथिलावर कथील आपटतात. अट एकच, महिना संपायच्या आत पीएच.डी. मिळाल्याचं पत्र हवं. प्रबंध दुरुस्तीसाठी परत गेला तर पुन्हा परीक्षक, पुन्हा वाट बघणं, आणि ती जागा दुसऱ्या कुणाची. तिच्या आईने बॅग आणून ठेवली होती. वडील ती रोज उघडून बंद करून बघतात, असं केतकीने हसत सांगितलं होतं.

त्या सकाळी थंडी अशी होती की नळाचं पाणी हाताला चावायचं. नंदाने तीळ भाजून परातीत पसरले होते. मी कोट चढवून, टाय लावून, परीक्षा माझीच असल्यासारखा स्वयंपाकघरात येरझारा घालत होतो.

"आज काय विचारतील हो तिला?" नंदाने विचारलं. तिला उत्तर नको होतं, मला एका जागी थांबवायचं होतं. तिचं गुळाकडे लक्ष होतं.

मी कधी नाही ते ऐकणारं माणूस मिळालं म्हणून खूश झालो. परातीतल्या तिळांवर बोटाने आलेख काढायला घेतला. "हे बघ, इकडे विरळ, इकडे दाट. ही मऊ रेषा, अशी सावकाश चढते. आणि ही ताठ, अशी झपकन..."

"अहो, बोटं काढा परातीतून."

बोट मी काढलंच नाही. तीळ गरम होते, चटका बसत होता, तरी काढलं नाही. ताठ रेषा झपकन वर जायची तर तिला खालून यावं लागत होतं. नेहमीच्या दाटीला दोघींची किंमत सारखीच, म्हणून दोन्ही रेषा मध्यभागी एकमेकींना छेदत होत्या. उजवीकडे, दाटीत, ताठ वर. डावीकडे, विरळात, ताठ खाली. आणि तुकडे तर सगळं फुगून विरळ झाल्यावर होतात. म्हणजे डावीकडे. म्हणजे तिथे ताठच सैल, जास्तीचे न्यूट्रॉन तुकड्यांत राहू देणारी, आणि तिथे मऊच कडक. गच्च भरलेल्या वर्गात छडी घेऊन फिरणारे आणि वर्ग रिकामा झाला की खुर्चीत पेंगणारे मास्तर असतात, तशी ताठ. अशा मास्तरांच्या हाताखाली मी स्वतः शिकलो होतो, तरी मला ती ओळखता आली नाही.

ही गोष्ट मी एम.एस्सी.च्या पोरांना दर वर्षी फळ्यावर शिकवतो. अगदी ठासून शिकवतो. 'इथे भले भले फसतात,' असंही वर म्हणतो.

"काय झालं?" नंदा म्हणाली. "चटका बसला का?"

"बसला," मी म्हणालो.

केतकीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. ती स्कूटरवर असणार, सांगानेरकडून येणाऱ्या रस्त्यावर. या दिवसांत स्कूटरवर निघणारी माणसं गळ्याला जाड मफलर गुंडाळून निघतात, कारण कापलेला मांजा रस्त्यावर आडवा उतरतो आणि दिसत नाही. उन्हाची तिरीप पडली तरच चमकतो. मी गाडी काढली. पुढच्या प्रत्येक स्कूटरवाल्या मुलीकडे बघत, हॉर्न देत चाललो. एका चौकात एक म्हातारा हात वर करून हवेतला दोरा गोळा करत होता, इतक्या हलक्या हाताने की जणू हवाच गुंडाळतोय. सिग्नल सुटला होता, मागचे ओरडत होते. मी त्याच्या हाताकडे बघत बसलो. न दिसणारी गोष्ट अगदी गळ्यापर्यंत येते तेव्हाच माणसाला कळते, असा एक उदात्त विचार मनात आला. मग मागच्या रिक्षावाल्याने खिडकीशी येऊन माझ्याबद्दल जे उद्गार काढले, त्यांनी तो पुसून टाकला.

खात्यात पोचलो तर केतकी हजर. मोरपंखी साडी, वर स्वेटर, हातात पॉइंटर. आईवडील कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलेले. समोशांचे खोके आधीच आलेले. आमच्याकडे निकाल लागायच्या आत समोसे येतात, हा विद्यार्थ्याचा विश्वास समजायचा की भाबडेपणा, कोण जाणे. परीक्षक बाई विभागप्रमुखांच्या खोलीत चहा घेत होत्या.

इथून पुढचा थोडा वेळ मी काय केलं ते सांगायला मजा येते, पण ऐकणाऱ्याला माझी कीव येते. मी तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. मनात हिशेब मांडला, की बाईंच्या लक्षात आलं नाही तर? प्रबंध जाडजूड आहे, बाईंचं वय झालंय, कोण रेषांची नावं तपासत बसतं? नंतर छोटा शोधनिबंध काढून गुपचूप दुरुस्त करता येईल. आत्ता सांगितलं तर पोरगी बिचकेल, बोलताना अडखळेल. तिच्याच भल्यासाठी गप्प बसावं. आपल्या भित्रेपणाला दुसऱ्याच्या भल्याचा कोट घालायची माझी कला बरी आहे. तो कोट अंगात चढवून मी बाहेर आलोही असतो. पण केतकीच्या वडिलांनी मला पाहिलं, उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "सर, तुमच्यामुळे आज हा दिवस."

मी केतकीला जिन्यात बोलावून घेतलं आणि सांगितलं.

बाहेर कुणाचा तरी पतंग कटला. आरोळी झाली.

"सर, मी तेव्हा बोलले होते."

"हो."

"तुम्ही बोलले की उलटं आहे, तर मी केलं उलटं. मला वाटलं, सरांना माहिती असेल ना. मी तर रात्रभर विचार करून पण... मतलब, मला वाटलं मीच बेवकूफ आहे."

"केतकी, आत गेल्यावर तू काहीच बोलू नकोस त्याबद्दल. विचारलंच तर मी..."

"तुम्ही काय?"

तिने पदर सावरला आणि आत गेली. मी तिच्या मागोमाग, ज्याला फाशीच्या शिक्षेला साक्षीदार म्हणून बोलावलंय अशा माणसासारखा.

गाइडने पहिल्या रांगेत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, अशी पद्धत आहे. केतकी बोलायला लागली. छान बोलत होती. आवाज तेवढा नेहमीपेक्षा एक पट्टी वर. पडद्यावर चित्रं सरकत होती, कथील आपटत होतं, तुकडे उडत होते, आणि तो आलेख यायला चार चित्रं उरली, मग तीन उरली. खोलीत थंडी असून माझ्या कॉलरच्या आत घाम होता.

तेवढ्यात वीज गेली.

पतंगांच्या दिवसांत हे व्हायचंच. कुठेतरी तारांवर मांजा पडतो आणि अर्धी वस्ती गप्प होते. प्रोजेक्टर घुर्र करून विझला. पडदा पांढरा. मी खुर्चीत अक्षरशः सैल झालो. परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "कोई बात नहीं. फिगर छोड़ दीजिए. सीधे कन्क्लूजन बता दीजिए."

इतकं सरळ. आलेख दाखवायचाच नाही. निष्कर्ष दोन वाक्यांत गुळमुळीत सांगायचे, टाळ्या, समोसे, पत्र, विमान. मी केतकीकडे पाहिलं आणि डोळ्यांनी होती नव्हती तेवढी सगळी भाषा वापरून सांगितलं, छोड़ दे.

ती फळ्याकडे गेली. खडू उचलला. खिडकीतून येणाऱ्या धुरकट उजेडात तिने दोन रेषा काढल्या, एकमेकींना छेदणाऱ्या, आणि वळून हिंदीत म्हणाली की प्रबंधात शेवटच्या प्रकरणातल्या आलेखावर ताठ आणि मऊ ही नावं उलटी छापली आहेत, त्यामुळे तिथला निष्कर्षही उलटा आहे. बरोबर काय आहे ते आता सांगते.

मागच्या रांगेत खुर्च्या करकरल्या. बाई पुढे झुकल्या. "ये आपको कब पता चला?"

"आज सुबह."

"आज सुबह!"

मी उभा राहिलो. इतकी वर्षं वर्गात बोलून पोट भरलेला माणूस, मला वाटलं आता तरी आपलं बोलणं कुणाच्या कामी येईल. "मॅडम, दरअसल ये गलती मेरी..."

"आप बैठिए," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "वायवा आपका नहीं है."

मी बसलो. त्यानंतर बाईंनी तिला सोडलं नाही. तुकडे होताना घनता किती उतरलेली असते? कशावरून? उडताना तापलेले तुकडे पुढे न्यूट्रॉन सांडतात, त्याचं काय केलंत? फक्त नावंच उलटी झालीत आणि आकडे नाहीत, हे कशावरून मानू? केतकी हिंदीत बोलत होती, भराभर, शब्द न शोधता. फळा भरला, तिने पदराने पुसला, पुन्हा भरला. तिचं बोलणं असं सुटलेलं मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. मला तिची प्रत्येक ओळ बरोबर वाटत होती, पण माझ्या बरोबर वाटण्याला त्या सकाळी काय किंमत होती! एका प्रश्नाला ती थांबली. उत्तर येईना. बाई वाट बघत राहिल्या. मी हात खुर्चीखाली दाबून धरले होते. मग ती म्हणाली, "इसका जवाब मेरे पास अभी नहीं है." बाईंनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

आम्हाला बाहेर काढून दार बंद झालं. कॉरिडॉरमध्ये वडील उभे, आई बाकावर, खोक्यांतले समोसे गार झालेले. केतकी आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी. हातावर, साडीवर, नाकावर खडू. मी तिच्याजवळ गेलो. तसाच परत आलो. बाहेर कडुनिंबाच्या झाडात एक गुलाबी पतंग अडकला होता आणि वाऱ्याने सारखा फडफडत होता. तो निघतोय की फाटतोय, हे त्या काचेतून कळत नव्हतं. दार उघडायला जितका वेळ लागला तितका वेळ मी त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवसातलं मला सगळ्यात स्वच्छ आठवतं ते तेच.

दार उघडलं. बाई स्वतः बाहेर आल्या आणि केतकीला म्हणाल्या, "कॉन्ग्रेच्युलेशन्स, डॉक्टर." शेवटचं प्रकरण दुरुस्त करून आठवड्यात अंतिम प्रत द्यायची, एवढीच अट. आई रडली. वडिलांनी मला पुन्हा हात जोडले, आणि या वेळी मला खरंच जमिनीत जागा हवी होती. बाईंच्या हातातल्या प्रबंधातून पिवळ्या चिठ्ठ्यांची टोकं बाहेर आली होती. त्यातली एखादी त्या आलेखाच्या पानावर होती का, हे मी बघितलं नाही. विचारलं तर त्याहून नाही.

त्या आठवणीला आता बरेच जानेवारी चिकटलेत. मी वर्गात अजूनही त्या दोन रेषा काढतो. 'इथे भले भले फसतात' हे वाक्य मात्र म्हणत नाही. पोरांना वाटेल सर दुसऱ्यांबद्दल बोलतायत. कुणी आलेख आणून दाखवला की आधी विचारतो, "तू काय म्हणतोस?" आणि मग जीभ दातांखाली धरून बसतो. सोपं नाही ते. समोरचा शब्द शोधत असतो आणि माझ्याकडे शब्द तयार असतात, ताजे, चुकीचे.

काय शिकलो, असं कुणी विचारलं तर मी गंभीर चेहरा करून घनतेचं बोलतो. खरं तर शिकलो ते एवढंच, की जोरात बोलणाऱ्या माणसाच्या आसपास हवा विरळ होते. तिथे दुसऱ्यांचं काय होतं, हे त्याला आतून दिसत नाही.

मघाशी केतकीचा फोन आला होता. तिकडे बर्फ आहे म्हणाली, पतंग नाहीत. तिच्या नव्या प्रयोगावरचा निबंध तयार झालाय. आमच्या जुन्या संगणकातल्या रेषा त्यात आहेत म्हणून माझंही नाव घातलंय. मसुदा मला धाडलाय, पुढच्या आठवड्यात छापायला पाठवायचाय.

माझा ऊर भरून आला. "अगं, आजच बसतो," मी म्हणालो. "पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बारकाईनं बघतो. आकृत्या, रेषा, निष्कर्ष, सगळं."

"नको सर," ती म्हणाली. "तुम्ही फक्त तुमचं नाव बरोबर लिहिलंय का, तेवढं बघा."